दुरुस्त केले, आभार

१

माझं बोलणं ऐकताना निम्मं वजा करायचं, अशी आमच्या घरात रीत आहे. उरलेलं निम्मं बायको पुन्हा चाळून घेते. माझी तक्रार नाही. आमच्या नळातून एकदा जिवंत मासा आला, त्यानं बादलीत दोन फेऱ्या मारल्या आणि आला तसा नळातून परत गेला, हे ज्यानं शेजाऱ्यांना शपथेवर सांगितलंय, त्यानं तक्रार करू नये. मेहुणा तर मला तोंडावर ‘थापाधीश’ म्हणतो.

पण ही गोष्ट वजाबाकी न करता ऐका. हिच्यात माझ्या बायकोचा चेहरा जाता जाता राहिलाय.

तर, मी घरबसल्या छापखान्यांची मुद्रितं तपासतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. त्या सवयीचं काही चीज व्हावं म्हणून एका संकेतस्थळावर दर बुधवारी वेबकॉमिकांवर लिहितो. वेबकॉमिक म्हणजे मोबाइलवर बोटानं सरकवत वाचायची चित्रकथा. आमच्या संपादिकाबाईंचा नियम एकच : दोन फुलं, एक टाचणी. दोन गोष्टींची स्तुती करायची, एक दोष दाखवायचा. टाचणीशिवाय लेख गेला की त्यांचा फोन येतोच. “काका, खरंच वाचलंत, की नुसतं चाळलंत?”

म्हणून मी टोचतोच. दोष नसला तर भिंग घेऊन शोधतो.

बसायची जागा ठरलेली : स्वयंपाकघरातलं टेबल. समोर खिडकी, पाठीमागे अडगळीच्या खोलीचं दार. पलीकडच्या खोलीत बायको लोकांचे कपडे शिवते. तिचं मशीन जुनं आहे आणि त्याच्या चालीत खोट आहे. खट, खट, खट, आणि चौथ्याला खटक्. वीस वर्षं मी त्या खटक् वर पानं उलटत आलोय.

२

‘काजळजिना’ माझ्या हाती आलं तेव्हा त्याचे चाळीस भाग होऊन गेले होते. नवा भाग दर शुक्रवारी दुपारी बाराला. चित्रकाराचं नाव नाही. कोपऱ्यात विझलेल्या वातीएवढी काळी रेघ, तीच सही.

कथा एवढीच. एक मनोरा, आत गोल जिना, आणि एक दिवेकरीण जिन्यातले दिवे लावत वर वर चाललेली. प्रत्येक वळणावर दार. दारामागे अशी माणसं, ज्यांनी अंधाराला काही ना काही देऊन टाकलंय. कुणी झोप, कुणी सावली, कुणी मुलाचं नाव. आणि दिवेकरणीच्या मागे, कायम तीन पायऱ्या खाली, एक बाई. दिवेकरीण कधी वळून बघत नाही, त्यामुळे ही बाई फक्त वाचणाऱ्याला दिसते.

काम अव्वल होतं, ते मान्य करतो. गंमत बघा : आपण बोटानं खाली खाली जातो आणि ती वर वर चढते. पाच-सहा भाग सलग वाचले की खुर्चीतसुद्धा गरगरतं. रंग दोनच, काजळी आणि दिव्याचा पिवळा. दोन चौकटींमधे काळी मोकळी जागा इतकी सोडलेली, की बोट सरकत राहतं आणि पुढचं चित्र काही येत नाही. एखाद्या नवशिक्यानं तिथे रक्त ओतलं असतं. हा नुसती रिकामी जागा ओततो, आणि आपणच घाबरून ती भरत बसतो.

दोन फुलं आयती मिळाली. टाचणीसाठी मात्र घाम निघाला. शेवटी चाळिसाव्या भागात सापडली. एक म्हातारा घाबरून दार लावून घेतो, पण दाराला कडीच काढलेली नाही. मी लिहिलं, ‘लाकडाची शीर न् शीर काढणारा चित्रकार साधी कडी विसरला. मग आजोबांनी दार लावलं कशानं? आशेनं?’

स्वतःच्या विनोदावर मी दोन वेळा हसलो.

शुक्रवारी एकेचाळिसावा भाग आला. दाराला कडी होती. माझ्या लेखाखाली, वाचकांच्या प्रतिक्रियांमधे, एकच ओळ : ‘दुरुस्त केले. आभार.’ पुढे तीच काळी रेघ.

इतका नम्र कलावंत मी जन्मात पाहिला नव्हता. खूश होऊन चित्र मोठं करून बघितलं. कडीचं टोक डावीकडे वाकलेलं होतं. मुळाशी हिरव्या रंगाचा एक ओघळ होता. दोन रंगांच्या कॉमिकात हा तिसरा रंग कुठून आला, असं मनात म्हणतच मी मान मागे वळवली.

३

आमच्या अडगळीच्या दाराची कडी डावीकडे वाकलेली होती. अडकली तेव्हा मीच बत्त्यानं ठोकून वाकवली होती. खिडकीचे गज रंगवताना तिच्यावर हिरवा ओघळ सांडणाराही मीच.

दार तिथेच होतं. कडी नव्हती.

“अगं, अडगळीच्या दाराची कडी कुणी काढली?”

आतून मशीनचा आवाज थांबला. बायकोच्या तोंडात टाचण्या असाव्यात, कारण उत्तर दातांमधून आलं. “कुठली कडी?”

“कुठली म्हणजे? दाराची!”

“त्या दाराला कुठे होती कडी?”

संध्याकाळी मेहुणा आला. तो सुतार आहे, त्यामुळे दाराच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्यानं फळीवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

“दाजी, इथे स्क्रूची भोकंसुद्धा नाहीत. बुजवलेलीही नाहीत. मूळचा रंग आहे हा.”

“अरे, मी स्वतः बत्त्यानं ठोकलीय ती!”

“माशानं नेली असेल,” मेहुणा म्हणाला. “नळातून.”

दोघं भावंडं पोट धरून हसली. मीही हसलो. म्हटलं, पन्नाशी उलटली, दुसऱ्या कुणाच्या घरची कडी डोक्यात बसली असेल. मुद्रितं तपासणाऱ्याला ठाऊक असतं, आपल्या डोळ्यांना हवं ते कागदावर नसतानाही दिसतं.

४

पुढच्या आठवड्यात संपादिकाबाई सुट्टीवर निघाल्या होत्या. “काका, दोन बुधवारचे दोन लेख एकदमच द्या. मी वेळ लावून ठेवते, आपोआप चढतील.” सोमवारीच मी दोन्ही लेख धाडून मोकळा झालो.

पहिल्यातली टाचणी आवाजाची होती. ‘इतका चढ, इतक्या पायऱ्या, आणि पावलांचा आवाज कुठेच लिहिलेला नाही. जिना बहिरा आहे का?’

दुसऱ्यातली कुठली, ते थोड्या वेळानं सांगतो. 

शुक्रवारी बेचाळिसावा भाग आला. प्रत्येक पायरीच्या कडेला, धुळीत बोटानं काढावीत तशी अक्षरं : खट, खट, खट, खटक्. पुन्हा खट, खट, खट, खटक्. चौथ्या पायरीवर अडखळ. लेखाखाली लगेच ओळ उमटली : ‘दुरुस्त केले. आभार.’

मी वाट बघत बसलो. कशाची, ते कळेना. मग ध्यानात आलं, की घरात फार शांत आहे.

पलीकडच्या खोलीत गेलो. बायको मशीनवर वाकलेली. पाय पायट्यावर, चाक फिरतंय, सुई वरखाली होतेय, कापड पुढे सरकतंय. आवाज नाही. काचेमागे चालल्यासारखं सगळं. खाली पडलेली कात्री मात्र खणकन वाजली, म्हणजे माझे कान जागेवर होते.

“मशीन वाजत का नाही?”

“भावानं तेल घातलंय परवा,” ती म्हणाली. “छान झालं ना? वीस वर्षं डोकं उठवलं होतं मेल्यानं.”

तेल. असेल बुवा. तेलानं आवाज कमी होतो, हे शास्त्र आहे. मी तेलाच्या बाजूनं मनातल्या मनात बरंच भांडलो. पण परत स्वयंपाकघरात येताना पाय आपोआप थांबले, कारण वेळ लावून ठेवलेला दुसरा लेख आठवला.

त्यात मी लिहिलं होतं : ‘दिवेकरणीच्या मागून येणाऱ्या बाईला चित्रकारानं एकेचाळीस भाग चेहराच दिलेला नाही. कपाळाखाली नुसती कोरी जागा. गूढ वगैरे ठीक, पण याला आळस म्हणतात. एवढी माणसं पडली आहेत जगात. कुठून तरी एक चेहरा आणा आणि द्या तिला.’

५

संपादिकाबाईंचा फोन बंद. शनिवारी बंद, रविवारी बंद. संकेतस्थळाला पत्रं लिहिली, उत्तर आलं की सुट्टीनंतर आपल्याशी संपर्क साधण्यात येईल. बुधवारी सकाळी नऊला लेख ठरल्यासारखा चढला. दोन मिनिटांत खाली प्रतिक्रिया. या वेळी शब्द वेगळे होते.

‘काम चालू आहे.’

मी मोबाइल उपडा ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. कडी, मशीन, चेहरा. आवाज न चढवता, हातवारे न करता. आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द पदरचा घातला नाही.

ती बटण लावत ऐकत होती. “निम्मं वजा केलं,” ती म्हणाली, “तर माझा अर्धा चेहरा जाणार म्हणा की. डावा की उजवा?”

“अगं, खरं सांगतोय मी!”

“माशाच्या वेळी अगदी हेच वाक्य होतं.” आणि हसली. हसताना तिच्या फक्त डाव्या गालाला खळी पडते. मी त्या खळीकडे बघत राहिलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतका वेळ सलग बघितली नव्हती.

“उद्या माझ्याबरोबर चला,” ती म्हणाली. “ओळखपत्राला नवा फोटो हवाय. चेहरा आहे तोवर काढून घेऊ.”

६

फोटोग्राफर गल्लीच्या तोंडाशी बसतो. ओळखीचा माणूस, बोलका.

“वहिनी, हनुवटी थोडी वर. हं. हलू नका.”

क्लिक झालं. त्यानं पडद्यावर बघितलं. “हललात वहिनी.”

“नाही हो.”

“बरं, पुन्हा.” क्लिक. “पुन्हा हललात.”

“अहो, मी श्वाससुद्धा घेतला नाही!”

तिसऱ्या फोटोनंतर त्यानं कॅमेऱ्याची काच पुसली, दिवा बदलला, चौथा काढला. मग मला खुणेनं आत बोलावलं. चारही फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. गळपट्टीची शिवण स्पष्ट. कानातल्या खड्याची चमक स्पष्ट. भांगातला एक पांढरा केससुद्धा मोजता येत होता. आणि कपाळाखाली, ओल्या बोटानं पाटी पुसावी, तसं.

पहिल्या फोटोत कमी. चौथ्यात जास्त.

“कॅमेरा दाखवावा लागेल,” तो हळूच म्हणाला. “पण मागची भिंत कशी काय नीट येतेय?” मग दारातल्या फळीवर ठेवलेल्या आरशापुढे केस सारखे करणाऱ्या माझ्या बायकोकडे त्यानं एकदा बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. त्याला काय दिसलं, ते मी विचारलं नाही. विचारायचा धीर होता कुणाला!

रस्त्यात मी तिचा हात धरला. “लोक बघतायत,” ती म्हणाली.

“बघू देत,” मी म्हणालो. “नीट बघू देत.”

७

घरी येऊन मी त्या लेखाखाली लिहिलं, ‘माझं चुकलं. बाईला चेहरा नाही, हेच या चित्रांचं सामर्थ्य आहे. कृपया बदलू नये.’

उत्तर आलं : ‘स्तुतीबद्दल आभार.’ खाली पुन्हा : ‘काम चालू आहे.’

आणखी लिहिलं. हात जोडून लिहिलं. गुडघे टेकून लिहिलं असतं, पण टंकताना ते दिसत नाही. तेच उत्तर. तेव्हा उमगलं : फुलं त्याला लागतच नाहीत. त्याला फक्त टाचणी लागते. दोष दाखवला की तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीचं सामान आणतो दोष दाखवणाऱ्याच्या घरातून.

शुक्रवारी सकाळी अकराला मी टेबलाशी बसून घर डोळ्यांनी धुंडाळत होतो. चेहऱ्यापेक्षा मोठा दोष हवा, एवढा मोठा की त्याच्यापुढे चेहरा किरकोळ वाटावा. पण तो भरायला इथून जे जाईल, ते तिचं असता कामा नये. माझं, निव्वळ माझं, असं या घरात होतं काय? खुर्ची मेहुण्यानं केलेली. सदरा तिनं शिवलेला. चष्मा छापखान्याच्या मालकानं दिलेला.

थापा मात्र माझ्या होत्या.

लिहायला घेतलं. ‘चेहऱ्याबद्दल लिहिलं तो पोरकटपणा होता. या कॉमिकचा खरा दोष मोठा आहे आणि तो दाखवायचं धाडस माझ्याशिवाय कुणी केलेलं नाही. या कथेला शेवट नाही. चढणं कुणालाही जमतं. बेचाळीस भाग नुसती चढण, म्हणजे कुठे पोचायचं तेच चित्रकाराला ठाऊक नाही. शेवट असता तर बाईचा चेहरा कुणी विचारलाच नसता. आधी शेवट द्या. आजच द्या.’

अकरा बेचाळीसला ओळ उमटली.

‘हे खरे आहे.’

८

बाराच्या ठोक्याला भाग आला.

जिना वर सरकत होता, म्हणजे मी खाली सरकत होतो. आवाजाची अक्षरं पायऱ्यांवर होतीच. दिवेकरीण पहिल्यांदा थांबली. वर आणखी पायऱ्या नव्हत्या. एक दार होतं, बिनकडीचं. तिनं दिवा खाली ठेवला आणि बाजूला झाली. आणि ती दुसरी बाई, बेचाळीस भाग तीन पायऱ्या मागे राहिलेली, तिला ओलांडून पुढे गेली.

पुढची चौकट दारातून आत बघणारी होती. पिवळ्या उजेडात एक टेबल. समोर खिडकी. खिडकीला हिरवे गज. टेबलाशी पाठमोरा एक माणूस, मान खाली घालून हातातलं काहीतरी वाचणारा. स्वतःचं टक्कल माणसाला कधी दिसत नाही. पण दाखवलं की ओळखू येतं.

त्याच्याखाली काळी जागा सुरू झाली.

पाठीमागे बिजागरी कुरकुरली.

मी वळलो नाही. दिवेकरीण का वळत नाही, ते त्या क्षणी कळलं, आणि आजवर मनातल्या मनात मी तिला निर्बुद्ध ठरवलं होतं, त्याची लाज वाटली. बोटाखाली मोबाइल पूर्ण काळा होता, आणि काळ्या काचेत मागचं दिसतं. माझा कान. माझा खांदा. खांद्यावरून उघडं दार. दारात, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, घासून उपडं ठेवलेल्या ताटासारखं काहीतरी फिकट, गोल, कोरं.

त्याचा रोख माझ्याकडे नव्हता. ते हळूहळू वळत होतं, पलीकडच्या खोलीकडे, जिथे बायको आवाज नसलेल्या मशीनवर वाकून बसली होती.

ओरडावं, तर ती उठून दारात येईल. समोरासमोर येईल. म्हणून मी एकच गोष्ट केली. बोट सरकवत राहिलो. काळं, काळं, आणखी काळं. कुठलीही गोष्ट लांबवण्यात माझी हयात गेली; संपवायची एवढी घाई जन्मात केली नव्हती. बोटाला घाम सुटला, काचेवरून घसरायला लागलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा सरकवलं. काचेतलं ते फिकट गोल एक पाऊल पुढे आलं. दोन पावलं.

मग काळं संपलं आणि पांढरं आलं. मधोमध एक शब्द : समाप्त.

आणि आतून आवाज आला. खट, खट, खट, खटक्.

“अहो!” बायको करवादली. “मशीन बिघडलं वाटतं! पुन्हा वाजायला लागलं!”

मी वळलो. अडगळीचं दार अर्धवट उघडं होतं. आत जुनी ट्रंक, मोडका पंखा, रद्दीचे गठ्ठे. मी त्यांना कधी इतक्या प्रेमानं बघितलं नव्हतं.

बायको दारात आली. दोन डोळे, एक नाक, तोंडात तीन टाचण्या, कपाळाला आठी. सगळं जागच्या जागी.

“काय बघताय असे?” ती टाचण्यांमधून म्हणाली.

 मी नुसता रडत हसलो, की हसत रडलो, ते तुम्ही ठरवा. निम्मं वजा करून ठरवलंत तरी चालेल.

९

शनिवारी फोटो पुन्हा काढला. ओळखपत्रावरचे फोटो जितके वाईट येतात, तितकाच वाईट आला. कपाळाला आठी, एक डोळा अर्धा मिटलेला. त्याची एक प्रत मी पाकिटात ठेवलीय. “इतका भिकार फोटो जपून ठेवतं का कुणी?” बायको म्हणते. ठेवतं.

कडीही परत आली. तोच बाक, तोच हिरवा ओघळ. फक्त दाराच्या आतल्या बाजूला बसवलेली. मेहुण्यानं डोकं खाजवलं. “दाजी, अडगळीच्या खोलीला आतून कडी? आत राहणार कोण?” मी त्याला म्हटलं, बाबा, प्रश्न विचारू नकोस, काढ आणि बाहेरून लाव. त्यानं लावली. मी घातली. आता ती घातलेलीच असते.

‘काजळजिना’ संपलं. माझ्या त्या प्रतिक्रियेखाली शेवटची ओळ आहे : ‘दुरुस्त केले. आभार.’ संपादिकाबाई सुट्टीवरून आल्या आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या टाचणीनं कॉमिकच फुटलं की!”

गेलं काय, ते पुढच्या रविवारी कळलं. मेहुण्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर सगळे म्हणाले, थापाधीश, होऊन जाऊ द्या. मी माशाची गोष्ट काढली. मासा नळातून आला. बादलीत दोन फेऱ्या मारल्या. आणि…

आणि काही नाही. पुढे कोरं. कपाळाखाली पुसलेल्या फोटोसारखं.

 तेव्हा बायको म्हणाली, “आला तसा परत गेला. जाताना नळ बंद करून गेला, म्हणून तर महिनाभर पाणी नव्हतं.” लोक खो खो हसले. हा शेवट माझ्या मूळच्या शेवटापेक्षा बरा, असं सगळ्यांचं मत पडलं.

तेव्हापासून आमचं असं चाललंय. सुरुवात मी करतो, संपवते ती. ही गोष्टसुद्धा इथवर लिहून मी अडकलो आणि मशीनपाशी गेलो.

“अगं, ती बाई. तिचं पुढे काय झालं, काही सुचत नाही.”

बायकोनं दोरा दातानं तोडला. “कुठली? त्या शुक्रवारी आली होती ती?”

“कोण आली होती?”

“तुम्ही मोबाइलमधे डोकं घालून बसला होतात ना, बाराच्या सुमाराला. स्वयंपाकघराकडून आली आणि दारात उभी राहिली. मी मान वर केली नाही, तोंडात टाचण्या होत्या. म्हटलं, बाई, हातात काम आहे, आज काही मिळायचं नाही. शब्द न बोलता गेली बिचारी.”

 मशीन थांबलेलं. घरात फार शांत.

“तू… तू तिचा चेहरा बघितलास?”

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ, गंभीरपणे. मग डाव्या गालाला खळी पडायला लागली.

“थाप मारतेस!” मी ओरडलो.

“निम्मं वजा करा,” ती म्हणाली, आणि पायट्यावर पाय ठेवला. “लिहा आता : संपलं.”